शेजारचा ढोल गप्प झाला तेव्हा

लग्नानंतर दोन वर्षांनी मी कुवेतला आले, तेव्हा आमच्या ह्यांनी घराची तीन वैशिष्ट्यं बोटीवरून उतरता उतरताच सांगून टाकली होती. नळ आहे, वीज आहे आणि शेजार शांत आहे. पैकी वीज खरोखरच होती. नळाला पाणी टँकरवाला गच्चीवरची टाकी भरून गेला तरच यायचं. आणि शेजाराबद्दल बोलायचं तर हे सकाळी ऑफिसला जात, संध्याकाळी आमच्या कोकणी मुसलमान मंडळींच्या खोलीवर पत्ते खेळायला जात आणि रात्री पाठ टेकताच घोरू लागत. त्यांना सगळं जगच शांत वाटायचं.

आमचं घर शहरातल्या मिरकाब भागात. दोन खोल्या, पहिला मजला, नवी सिमेंटची इमारत. शहराभोवतीची जुनी मातीची भिंत नुकतीच पाडली होती, वेशी तेवढ्या उभ्या होत्या, आणि जुनी मातीची घरं एकेक करून जमीनदोस्त होत होती. त्यातलं एक मात्र अजून तग धरून होतं, नेमकं आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली. मधे मोठं अंगण, भोवती खोल्या, एका कोपऱ्यात बोरीचं झाड. तेव्हा तिथे चलनात आपलाच रुपया होता, दुकानदार हिंदी बोलायचे आणि बाजारात झुबेदी म्हणून जे विकायचे ते आपलं पापलेटच होतं, त्यामुळे परदेशात आल्यासारखं मला फारसं वाटत नव्हतं. ते वाटलं चौथ्या की पाचव्या दिवशी, मासे तळताना.

खालून कोणीतरी कोणाला तरी मोठ्याने बोलावत होतं. आवाज वर चढायचा, खाली यायचा, मधेच दटावल्यासारखा व्हायचा. मला वाटलं, भांडण लागलंय. भांडण म्हटल्यावर कोण तव्यापाशी थांबणार? मी खिडकीतून वाकून पाहिलं तर अंगणात एक उंच, काळाभोर म्हातारा एकटाच उभा. डाव्या काखेत डमरूच्या आकाराचा, पण कलिंगडाएवढा ढोल. दोन्ही तोंडांना कातडं आणि त्यांना जोडणाऱ्या दोऱ्याच दोऱ्या. म्हातारा काख आवळायचा तशा दोऱ्या ताणल्या जायच्या आणि ढोलाचा आवाज चढायचा, काख सैल सोडली की उतरायचा. हातात टोकाशी वाकलेली काठी. बोलत होता तो ढोलच, आणि बोलावत होता परसात गेलेल्या आपल्या बायकोला. ती पदर खोचल्यासारखा काळा पायघोळ अबाया कमरेला बांधून आली आणि त्याला चार शब्द सुनावून परत गेली. माझा मासा करपला.

त्या बाईंना मी पुढे खाला, म्हणजे मावशी, म्हणू लागले आणि म्हाताऱ्यांना चाचा. दोघंही हिंदी बोलायची. ती हिंदी मुंबईच्या गोदीत शिकलेली आणि बसऱ्यापर्यंत भिजत आलेली होती, पण माझी तरी कुठे लखनौची होती? चाचांचे आजोबा आफ्रिकेच्या पार पश्चिमेकडचे, हौसा लोकांतले. हजला म्हणून पायी निघाले आणि मक्केला पोचेपर्यंत मधे कितीतरी वर्षं गेली. वाटेत गावोगाव थांबायचं, कोणाच्या शेतात राबायचं, कोणाच्या लग्नात ढोल वाजवायचा, चार दाणे गाठीला लागले की पुढे चालू लागायचं. मक्केहून परत जायचं त्यांच्याने झालं नाही. त्यांच्या मुलाने, म्हणजे चाचांच्या वडिलांनी, ढोलासकट कुवेत गाठलं. खालाचं घराणं झांझिबारकडचं. ते इथे कसं आलं हे कोणी विचारत नसे आणि तीही सांगत नसे. एकदा मी भोळेपणाने तोंड उघडलं तेव्हा ती म्हणाली की तुम्ही बोटीचं तिकीट काढून आलात, सगळेच तसे येत नाहीत. मग तिने मला खजूर दिला आणि विषय संपला.

ढोल म्हणजे करमणूक अशी माझी समजूत. आमच्याकडे लग्नाला बँडवाले येतात, वाजवतात, जेवतात, जातात. खालच्या अंगणात मी बघितलं तर ढोलाला उसंत नव्हती. कोणाकडे मूल झालं की सातव्या दिवशी चाचा जाणार, आणि मुल्लाने कानात नाव सांगितल्यावर तेच नाव ढोल बाहेर गल्लीला सांगणार. कोणाची भिंत पावसाने खचली की दहा-बारा जण चिखल तुडवायला जमणार, आणि चाचा ढोल घेऊन कडेला उभे. ढोल चालू असेपर्यंत पाय थांबायचे नाहीत. कोणी काम टाळून सावलीला गेला तर ढोल त्याच्या नावाने असा काही वाजायचा की बाकीचे हसून हसून वाकायचे आणि तो बिचारा मुकाट्याने चिखलात उतरायचा. पाहुणा आला की ढोल त्याचं स्वागत करी, त्याच्या बापाची, आज्याची याद काढी. आणि पाहुणा चिकट असला तर तेही सांगे. मला शब्द कळत नसत, पण पाहुण्याचा चेहरा बघून मजकूर कळायचा.

खालाचं खातं वेगळं होतं. तिचा बायकांचा ताफा होता. डफासारखी पसरट वाद्यं, एक मोठा ढोल आणि आठ-दहा खणखणीत गळे. कुवेतच्या बड्या बड्या घरांतली लग्नं या बायकांशिवाय होत नसत. समुद्रावरून दमट वारा सुटला की कातडी ढिली पडायची, मग निघण्याआधी अंगणात शेगडी पेटवून वाद्यं शेकत बसायच्या सगळ्याजणी. मधून एकेक जण बोट मारून बघायची, आणि नाही म्हणून पुन्हा विस्तवावर धरायची. मी भाजणी भाजते तशी त्या लक्ष ठेवून, घाई न करता भाजत असत. वाद्यं तापली की शेगडीवर धूप पडायचा आणि प्रत्येक वाद्याला धुपाचा वास द्यायचा. धूप न घेतलेलं वाद्य खाला हातात धरत नसे.

त्यांच्या टाळ्या हे एक प्रकरण होतं. तीन गट, तीन वेगळ्या टाळ्या, आणि एकीची टाळी दुसरीच्या फटीत बरोबर बसायची. खालाने मला एकदा मधे उभं केलं. आपण गावाकडे हळदीची गाणी म्हटलेली, म्हटलं टाळी वाजवण्यात काय आहे? जरा वेळ मी बरी चालले, मग माझी टाळी आपोआप शेजारणीच्या टाळीवर जाऊन बसली आणि सगळा डोलारा कोसळला. बायका जमिनीवर बसून हसल्या. खाला म्हणाली की बाकी तू चांगली आहेस, पण तुला एकटीने वाजवायची सवय आहे. मला राग आला होता. घरी येऊन मी भांडी जरा आदळूनच घासली.

आमच्या ह्यांचं मात्र या सगळ्याशी वाकडं. हे एका आगबोट कंपनीच्या एजंटाकडे कारकून. उन्हाळ्यात ऑफिस दुपारी बंद व्हायचं आणि हे जेवून आडवे व्हायचे. नेमकी तीच वेळ चाचांची ढोलाच्या दोऱ्या आवळायची. दोरी आवळायची, एक ठोका. पुन्हा आवळायची, पुन्हा ठोका. हे उशी डोक्यावर घ्यायचे, मग डोक्याखाली, मग उशी फेकून द्यायचे. शिस्त नावाची काही चीज आहे की नाही, असं ते मला विचारायचे, जणू ढोल मीच वाजवत होते. शेवटी एका पहिल्या तारखेला घरमालक आला तेव्हा ह्यांनी टोपी नीट करून तक्रार घातली. घरमालक चांगला माणूस. त्याने कॉफी संपवली, मान हलवली आणि इन्शाल्ला म्हणाला. गावाकडे या शब्दाचा अर्थ कळायला वेळ लागत नाही. कुवेतमध्ये तो होकार आहे की निरोप, हे कळायला काही वर्षं जावी लागतात. ह्यांनी तो होकार धरला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी तार आली. आमच्या सासूबाई गेल्या.

सासूबाईंबरोबर मी दोन वर्षं काढली होती. आमचं गाव खाडीकाठचं, घरात आम्ही दोघीच. बाई तोंडाची तिखट, पण तोंडावर बोलून मोकळी होणारी, त्यामुळे माझं तिच्याशी चांगलं जमायचं. हे तिचे एकुलते एक. तार आली तेव्हा तिकडे दफन होऊनही गेलं होतं. जायला बोट कधी, पोचणार कधी, आणि पोचून बघणार काय? हे खुर्चीवर बसले, तारेची घडी घातली, खिशात ठेवली. रडले नाहीत. आमची कोकणी मंडळी जमली, कुराण वाचलं गेलं, फातिहा झाला. एवढ्या माणसांना बसायला आमच्याकडे काही नव्हतं, तर न सांगता खालून चटया वर आल्या, मागोमाग कॉफीची किटली आली. खाला माझ्याजवळ येऊन बसली, अवाक्षर बोलली नाही आणि उठताना माझ्या डोक्यावर हात ठेवून गेली. चाचा ह्यांच्या शेजारी असेच बसून गेले. हे नंतर म्हणाले की एरवी ढोल थांबत नाही आणि आज म्हाताऱ्याला तोंड उघडायला जमलं नाही.

त्या दिवसापासून अंगण गप्प झालं. दोरी नाही, ठोका नाही, टाळी नाही. पहिल्या आठवड्यात आमचं लक्षच नव्हतं. दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी हे झोपून ताजेतवाने उठले, खिडकीपाशी गेले आणि कान देऊन उभे राहिले.

"बघलंस?" हे म्हणाले. "नीट शब्दांत सांगितला का लोक आयकतात."

मीही मान डोलावली, कारण दुसरं कारण मला तरी कुठे माहीत होतं? ऑफिसात, पत्त्यांच्या खोलीवर, सगळीकडे ह्यांनी हा विजय मिरवला. आपली माणसं उगीच भांडत बसतात, योग्य माणसापाशी योग्य वेळी शब्द टाकावा, असा उपदेशही देऊ लागले. दुःखात तेवढाच त्यांना विरंगुळा होता, म्हणून मीही टोकत नव्हते.

खालाच्या धाकट्या मुलीचं लग्न त्याच सुमाराला ठरलेलं. मुलगी माझी लाडकी. माझ्याकडे शिवणाचं यंत्र होतं आणि माझा हात चांगला होता, म्हणून नवरीचा हिरवा झगा मी शिवत होते, आणि एक मोठं हिरवं कापडही, त्याला सोनेरी काठ लावायचा होता. तिकडची रीत अशी की नवरीला खुर्चीवर बसवतात, बायका भोवती उभ्या राहून ते कापड तिच्या डोक्यावर चहूबाजूंनी धरतात आणि ढोलाच्या तालावर वर-खाली हलवतात, गाणं संपेपर्यंत. लग्न शाबान महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी होतं. पुढे रमजान लागणार, म्हणजे ते पुढे ढकलण्याचा प्रश्नच नव्हता.

मला चमत्कारिक वाटत होतं ते हे की लग्नघरात लग्न दिसत नव्हतं. तांदूळ आले, मेंढ्या आल्या, दिव्यांच्या माळा आल्या, पण बायका कुजबुजत कामं करत. ज्या घराने अर्ध्या कुवेतची लग्नं वाजवली, त्या घरात शेगडीसुद्धा पेटत नव्हती. गल्लीतल्या बायका दारावरून जाताना आत डोकावायच्या आणि एकमेकींकडे बघायच्या. मला वाटलं, ऐन लग्नात घरमालकाने फारच कडक तंबी दिली असावी. मला ह्यांचा राग येऊ लागला.

लग्नाला तीन-चार दिवस उरले असताना मुलगी झग्याचं माप बघायला आली. मी टाचण्या लावत होते. ती कापडाचा सोनेरी काठ बोटात धरून उभी होती. मग तिने विचारलं की तुमचा शोक कधी संपतो? मी सांगितलं की आमच्यात चाळीस दिवस पाळतात. ती बोटांवर मोजू लागली. बोटं संपली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. मी घाबरले, म्हटलं टाचणी लागली की काय. विचारलं तर सांगेना. आईने शपथ घातलीये म्हणे. मी टाचण्या खाली ठेवल्या आणि सांगितलं की झगा असाच राहील, अर्धा, बोललीस तर पुरा होईल. शपथ आणि झगा यांत झगा जिंकला.

"तुम्हारा घर चुप है," ती म्हणाली, "इसलिए हमारा ढोल चुप है."

मग एकेक उलगडलं. त्या घराचा नियम होता. आजोबांच्या वेळेपासूनचा, पार तिकडून पायी चालत आलेला. भिंतीला भिंत लागून असलेल्या घरात मौत झाली की ढोल खुंटीला लागतो. किती दिवस, हे ढोलवाले ठरवत नाहीत. ज्याच्या घरात मौत झाली त्याने आपल्या पायांनी यावं आणि आता वाजवा असं सांगावं. तोपर्यंत कातड्यावर बोटसुद्धा मारायचं नाही. आणि त्याला आठवण करून द्यायची नाही, सुचवायचं नाही, त्याच्यासमोर तोंड पाडून फिरायचं नाही. मागून घेतलेली परवानगी ही परवानगीच नव्हे. गल्लीत सगळ्यांना हे ठाऊक, त्यामुळे तीन दिवसांनी, आठ दिवसांनी लोक येतातच. आम्ही आलो नाही. चाचा-खालाने मानलं की या माणसाचं दुःख फार मोठं आहे. आई होती, एकुलता होता, जाऊ दे.

दुसरा ताफा बोलवा म्हटलं, तर गप्प अंगणात दुसरा ताफा पाय ठेवणार नाही. आणि लग्न बिनढोलाचं करा म्हटलं, तर ढोल हीच तिथली साक्ष. ढोल वाजला नाही तर मुलगी राजीखुशीने, चारचौघांत दिली हे गल्लीला सांगणार कोण? सासरची माणसं काही वर्षांनी एखाद्या भांडणात म्हणणार की तुला गुपचूप आणली. नवऱ्या मुलाची आई आत्ताच विचारू लागली होती की लपवण्यासारखं आहे तरी काय? मुलगी हे सांगत होती आणि मी कपाळाला हात लावून बसले होते. आमचे हे तिकडे ऑफिसात विजय साजरा करत होते.

संध्याकाळी हे आल्यावर मी चहा देण्याआधीच सांगितलं. हे आधी हसले. मग म्हणाले की पोरीला काय कळतं, घरमालकाने बंद केलाय ढोल. आणि चहा तसाच टाकून घरमालकाकडे गेले. तासाभराने परतले ते वेगळंच तोंड घेऊन. घरमालकाला तक्रार आठवतच नव्हती. कुठला ढोल, असं विचारत होता. वर म्हणाला की त्या घराचा ढोल माझ्या लग्नात वाजलाय, तो मी कशाला बंद करीन?

"आईसाठी गप हाय तो ढोल," मी म्हटलं. "आता जा नि सांगा त्यांना."

आणि इथे गाडी अडली. मला वाटलं होतं हे लगेच उठतील. हे भिंतीकडे बघत बसले. म्हणाले, ज्याच्या आईला चाळीस दिवस झाले नाहीत त्याने जाऊन ढोल वाजवा म्हणून सांगायचं? आपली चार माणसं काय म्हणतील? गावाला कळलं तर? मी म्हटलं शोक तीन दिवसांचा, चाळीस आपण लावलेत. हे म्हणाले मला धर्माचे मसले शिकवू नकोस. मी म्हटलं खाली एका पोरीच्या जन्माचा प्रश्न आहे. हे म्हणाले त्यांना वाजवायचं असेल तर वाजवू दे की, मी कुठे हात धरलेत? तेवढ्यावर माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, ती माणसं तुमच्या आईचा मान ठेवून स्वतःच्या पोरीचं लग्न मुकं करायला निघालीत, आणि तुम्हाला चार पत्तेवाले काय म्हणतील याची पडलीये. गावाला आपल्या शेजारच्या घरी लग्न होतं आणि तुमचे थोरले चुलते नुकतेच गेले होते, तेव्हा सासूबाई स्वतः उठून त्यांच्या दारात गेल्या होत्या आणि हळदीचं पहिलं गाणं स्वतः म्हणून आल्या होत्या. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तुम्ही तेव्हा इथे होतात.

 हे त्या रात्री जेवले नाहीत. मला वाटलं जास्त झालं. पण बोललेलं परत घ्यायचा माझा स्वभाव नाही, तेव्हाही नव्हता.

दुसरा दिवस तसाच गेला. बुधवार उजाडला. दुपारी हे ऑफिसातून आले, जेवले आणि पंख्याखाली आडवे झाले. अंगण शांत होतं, हवं तसं, आणि ह्यांना झोप येईना. उठून खिडकीपाशी गेले. मी भांडी घासत होते. बराच वेळ हे हलले नाहीत, म्हणून हात पुसून मीही जाऊन पाहिलं.

खाली बोरीच्या सावलीत चाचा बसले होते. ढोल त्यांनी खुंटीवरून काढला होता. कातड्याला तेल लावून झालं होतं. आता ढोल काखेत धरून ते दोऱ्या आवळत होते, सैल सोडत होते, आवळत होते. काठी हातात नव्हती. ओठ हलत होते. त्या ढोलातून काय निघायला हवं ते म्हातारा तोंडातल्या तोंडात म्हणत होता, उद्या मुलीच्या लग्नात जे वाजवायचं ते, एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत. खाला तांदूळ निवडत होती. तिने मान वर करून नवऱ्याकडे पाहिलं आणि पुन्हा सुपात घातली.

हे खिडकीपासून बाजूला झाले. कपडे बदलले, टोपी घातली, पायात चपला सरकवल्या. दारात थांबून मला म्हणाले, "तूपण चल."

आम्ही दोघं अंगणात गेलो तेव्हा चाचा घाईने ढोल खाली ठेवू लागले, चोरी पकडल्यासारखे. खाला उठून उभी राहिली. बायका खोल्यांच्या दारांत आल्या. मुलगी त्यांच्या मागे होती, तिची मला नुसती ओढणी दिसत होती. आमच्या ह्यांनी वाटेत जुळवलेलं वाक्य अरबीत सुरू केलं, मधे हिंदीत शिरले, मग थांबले.  सगळं अंगण त्यांच्याकडे बघत होतं. शेवटी एवढंच म्हणाले की उद्या मुलीचं लग्न आहे, ढोल वाजवा.

कोणी आनंदाने ओरडलं नाही की काही नाही. खालाने शेगडी पेटवायला सांगितलं. विस्तव फुलला, धूप पडला. चाचांनी ढोल धुपावर फिरवला, काखेत घेतला, काठी हातात घेतली आणि ह्यांच्या अगदी समोर येऊन उभे राहिले. मला वाटलं सुरू करणार. त्यांनी ह्यांना विचारलं की आईचं नाव काय?

हे गोंधळले. चाचांनी समजावलं. गप्प बसलेला ढोल उघडतो तो त्याच माणसाच्या नावाने, ज्याच्यासाठी तो गप्प बसला. आधी ती, मग नवरी.

आता आमच्यात आईचं नाव कोणी घेत नाही. ती आई असते. आणि गेल्यापासून तर फातिहा म्हणणारे, भेटायला येणारे, सगळे तिला मरहूमा, म्हणजे दिवंगत, म्हणत होते, नाही तर तुमची वालिदा, आई. मलाही तिचं नाव तोंडातून काढल्याचं आठवत नव्हतं.  हे ओठांतल्या ओठांत बोलले.

"ज़ोर से बोलो," चाचा म्हणाले. "ढोल को सुनना है."

ह्यांनी नाव घेतलं. चांगलं मोठ्याने घेतलं, खाडीच्या पलीकडे हाक घालावी तसं. चाचांनी ते एकदा तोंडात घोळवलं, कुठे चढतं, कुठे उतरतं ते बघितलं, आणि काख आवळून ढोलावर काठी मारली. आमच्या सासूबाईंचं नाव त्या अंगणातून वर आलं, लख्ख, भिंतींच्या वर, गल्लीत. खालाच्या बायकांनी लगेच टाळ्या धरल्या. चाचा आता नवरीकडे वळणार, तेवढ्यात ह्यांनी त्यांचा दंड धरला. तार आल्यापासून कोरडा असलेला तो माणूस आता ढसाढसा रडत होता.

"फिर से," हे म्हणाले. "एक बार फिर से."